कोरी चिठ्ठी

आमचे गणिताचे सर चाचणीचे पेपर खालून वर वाटायचे. ज्याला सगळ्यात कमी मार्क, त्याचं नाव आधी. नाव, मार्क आणि मग थोडं थांबायचं. तेवढ्यात त्या मुलाने उठून टेबलापर्यंत जायचं, पेपर घ्यायचा आणि सगळ्यांच्या समोरून जागेवर यायचं. ज्यांची नावं अजून आलेली नसायची ते मनातल्या मनात मोजत बसायचे.

२०२२ चा ऑगस्ट. मी नववी ब मध्ये होते. त्या दिवशी तिसरं नाव माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं आलं. वीसपैकी अडीच. ती गेली, पेपर घेऊन आली आणि त्याची घडीवर घडी घालून कंपासपेटीत ठेवायला लागली. झाकण लागेना, म्हणून आतलं कर्कटक काढून तिने माझ्या हातात दिलं. "ठेव गं तुझ्याकडे." एवढंच म्हणाली. मी ते दप्तरात टाकलं आणि माझ्या नावाची वाट बघायला लागले.

गणपतीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही.

आठवडाभराने वह्या द्यायच्या निमित्ताने मी तिच्या वाडीवर गेले. तिची आई दारातच म्हणाली, "रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणते. डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही. एसटी निघून गेली की थांबतं बघ." मैत्रीण आत चुलीपाशी बसली होती. माझ्याशी नीट बोलली, चहा दिला, वह्या घेतल्या. शाळेचा विषय मात्र दोघींनीही काढला नाही. परत येताना चढावर मला रडू आलं. तिला अडीच मार्क का पडले हे मला ठाऊक होतं आणि वर्गात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिचे वडील वाशीच्या मार्केटला माथाडी. आमच्या सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या कितीतरी घरांतली माणसं तिकडे ओझी उचलतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळं कुटुंब गावी आलं. घरात एक फोन, तोही वडिलांकडे, आणि वाडीवर रेंज नाही. म्हणजे सातवीचं वर्ष गेलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा उघडल्या, तर दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिलपर्यंत चालला. वाडीवरची मुलं सहा-सात किलोमीटर चालत यायची, नाहीतर यायचीच नाहीत. म्हणजे आठवीही गेली. नववीत फळ्यावर बीजगणित आलं तेव्हा तिला ऋण संख्यांची वजाबाकीच येत नव्हती. यात तिचा काय दोष होता? पण "अडीच" हा आकडा सगळ्यांनी ऐकला आणि तिच्याबद्दल तेवढंच लक्षात ठेवलं.

दिवाळीनंतर आम्ही पाच जण एकत्र आलो ते या कारणामुळे. अ तुकडीच्या दोघी, माझ्या वर्गातला एक, मी आणि क तुकडीतला एक मुलगा. क तुकडीबद्दल सांगायला हवं. आमच्या शाळेत पाचवीपासून तुकड्या मार्कांवर पडायच्या. अ म्हणजे हुशार, क म्हणजे ढ. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण शिपाईमामांपासून गावातल्या दुकानदारापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. क मधल्या त्या मुलाला मी त्याआधी कधी नावाने हाक मारली नव्हती. आमच्या पाच जणांत सगळ्यात नीट विचार करणारा तोच निघाला.

आम्ही मराठीच्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय करायचंय ते मी नाही सांगणार. पोरांना नेमकं काय सोसत नाही ते आधी शोधा." शोधायचं कसं? तक्रारपेटी तर होतीच. शाळेत ती असावी असा शासनाचा नियमच आहे. आमची पेटी पत्र्याची होती आणि हेडसरांच्या ऑफिसच्या दाराशेजारी टांगलेली होती. तिच्यात चिठ्ठी टाकायची तर ऑफिस, स्टाफरूम आणि समोरच्या दोन वर्गांच्या नजरेसमोरून जायचं. बाईंनी हेडसरांकडून किल्ली आणली. कुलूप गंजलं होतं, खोबरेल तेल सोडून उघडावं लागलं. आत एकही चिठ्ठी नव्हती.

आम्ही पेटी हलवायची परवानगी मागितली. हेडसर चांगले होते, पण सावध. "उद्या कुणीही काहीही लिहील," म्हणाले. मग बाईंनीच शब्द टाकला आणि पेटी जिन्याखाली, पिण्याच्या पाण्याच्या नळांजवळ गेली. तिथे कुणी ना कुणी सारखं ये-जा करत असतं, त्यामुळे कुणी थांबलं तरी चालतं. वर आम्ही रंगवून लिहिलं: "बोलती पेटी". शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही पाच जण प्रयोगशाळेत बसून चिठ्ठ्या वाचायच्या, असं ठरलं.

पहिल्या दोन आठवड्यांत चाळीसेक चिठ्ठ्या आल्या. निम्म्यांवर कुणाचं तरी नाव आणि बदाम, काहींवर शिव्या. पण उरलेल्या वाचताना आम्ही गप्प झालो. "मुलींच्या दुसऱ्या संडासाला आतून कडी नाही. मी दिवसभर पाणी पीत नाही." "आमच्या गावच्या एसटीमुळे उशीर होतो, तरी पहिला तास बाहेर उभं करतात." "माझा रंग काळा आहे म्हणून मला जे नाव ठेवलंय ते मला आवडत नाही. मी हसतो, पण आवडत नाही." हे लिहिणारा तो मुलगा रोज आमच्यात हसतच वावरायचा.

आणि तिसऱ्या आठवड्यात ते घडलं, जे लिहिताना मला आजही जड जातं.

एका चिठ्ठीत आठवीतल्या मुलाने लिहिलं होतं की त्याला मुलांबरोबर मैदानावर जायची भीती वाटते, त्याच्या बोलण्या-चालण्यावरून मुलं त्याला बायल्या म्हणतात आणि एकदा चड्डी ओढली होती. नाव नव्हतं. पण मला अक्षर ओळखू आलं. तो आमच्याच आळीचा, त्याला मी दोन वर्षं शुद्धलेखन दाखवलं होतं. त्या रात्री भाकरी करताना मी माझ्या चुलतभावाला बोलून गेले. मनात वाईट काही नव्हतं. उलट "त्याला सांभाळून घ्या रे" असंच म्हणाले होते. भाऊ त्याच्याच वर्गात. सोमवारी एसटीत ती चिठ्ठी शब्दन् शब्द सगळ्यांच्या तोंडी होती.

मी त्याच्या घरी गेले. तो पायरीवर बसला होता. मी "माझं चुकलं" म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, शेजारचं दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि त्याचा पट्टा बोटाला गुंडाळत बसला. बराच वेळ मी उभी होते. तो काही बोलला नाही, आणि त्याने बोलावं असं म्हणायचा मला हक्कही नव्हता.

पुढच्या शनिवारी पेटी रिकामी निघाली. त्याच्या पुढच्याही.

बाईंना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "पेटी आता बंद. तुम्ही पाच जण परत या तेव्हा एकच गोष्ट घेऊन या. ज्याने लिहिलं त्याला काहीही होणार नाही याची तजवीज." म्हणजे आता "आम्ही कुणाला सांगणार नाही" एवढं म्हणून भागणार नव्हतं. कुणी फुटला तरी लिहिणारा सापडता कामा नये, अशी व्यवस्था हवी होती. चांगल्या मनाच्या मुलांनी चालवलेली पेटी कशी बुडते, हे माझ्याकडूनच सगळ्यांनी पाहिलं होतं.

नाताळच्या सुट्टीत आम्ही चार वेळा भेटलो. रस्ता क तुकडीतल्या मुलाने काढला. म्हणाला, "सगळ्यांनीच टाकायची चिठ्ठी. दर शनिवारी, शेवटच्या तासाला, वर्गातल्या प्रत्येकाने. काही लिहायचं नसलं तर कोरी टाकायची. मग कोण टाकतंय हे बघून कुणाला काय कळणार?"

इतकी साधी गोष्ट. आम्ही बाकीचे त्याच्याकडे बघत राहिलो. तो आयुष्यभर मागच्या बाकावर बसलेला मुलगा होता. वर्गात कोण कुणाकडे बघतं, हात वर केला की माना कुठे वळतात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

मग बाकीचं जुळत गेलं. कागद एकसारखा हवा, म्हणून जुन्या परीक्षांच्या पुरवण्यांची कोरी पानं बाईंनी दिली आणि आम्ही पट्टीने चार बोटांचे तुकडे फाडले. अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हाताने लिहायचं, आणि जो मुळात डावखुरा त्याने उजव्या. घडी चार वेळा. वाचायला पाच जण नकोत, बाई आणि आमच्यातले दोघं, तेही आळीपाळीने आणि आपली सोडून दुसऱ्या तुकडीच्या चिठ्ठ्या. आठवीच्या चिठ्ठ्या मी कधीच वाचायच्या नाहीत, हे मीच मागून घेतलं. वाचून झालं की मुद्दे बाईंच्या वहीत उतरवायचे आणि चिठ्ठ्या शाळेमागच्या चुलीत, जिथे पोषण आहाराची खिचडी शिजते तिथे जाळायच्या. शिपाईमामा त्या वेळी समोर उभे राहायचे. एक चिठ्ठीसुद्धा वाऱ्याने उडू दिली नाही त्यांनी.

जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा सुरू केलं, फक्त नववीच्या तीन तुकड्यांत. पहिल्या शनिवारी १३८ चिठ्ठ्या, त्यांतल्या ११९ कोऱ्या. मला वाटलं, संपलं. बाई म्हणाल्या, "कोऱ्या फेकू नका, मोजा. कोरी चिठ्ठी टाकणाराही बघतोय, लिहिणाऱ्याचं काय होतं ते." आम्ही वहीत पहिला आकडा कोऱ्यांचाच लिहायला लागलो. तिसऱ्या शनिवारी ९६. फेब्रुवारीच्या मध्यावर ७१.

आकडा उतरला त्याचं कारण परिपाठ. सोमवारी प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार झाला की आमच्यातला एक जण दोन मिनिटं उभा राहायचा आणि सांगायचा: या आठवड्यात काय मागितलं गेलं, त्यातलं काय झालं, काय होणार नाही आणि का. हे "का" फार महत्त्वाचं होतं. पिण्याच्या पाण्याची नवी टाकी होणार नाही, कारण ग्रामपंचायतीकडे पैसे मागितलेत आणि उत्तर आलेलं नाही. हे ऐकायला कुणाला आवडत नव्हतं, पण आपलं बोलणं कुठवर पोचलं एवढं तरी कळत होतं. संडासाच्या कडीला नऊ दिवस लागले. मामांनी बाजारातून कडी आणली, रविवारी येऊन बसवली आणि सोमवारी कुणाला काही न बोलता घंटा वाजवायला गेले. त्या दिवशी मुलींच्या रांगेतून टाळ्या आल्या. परिपाठात टाळ्या वाजवायच्या नसतात, पण कुणी थांबवलं नाही.

पेपर वाटण्याबद्दल पहिल्या महिन्यातच ३१ चिठ्ठ्या आल्या. इतर कुठल्याच गोष्टीवर इतक्या आल्या नव्हत्या. बाईंनी आम्हाला शिक्षण हक्क कायद्यातलं कलम १७ दाखवलं. मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही, असं २००९ च्या त्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. हेडसर म्हणाले, "तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. तुम्ही नववीतली." खरं होतं. तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "सर, पाचवीपासूनची मुलं याच इमारतीत आहेत. त्यांच्यासाठी तरी करूया. आम्हाला शेजारी बसून मिळेल." हेडसर हसले आणि म्हणाले, गणिताच्या सरांशी तुम्हीच बोला.

स्टाफरूमच्या दारात उभं राहिलेलं मला आठवतं. आत डब्यांचा वास, सर वह्या तपासत होते. आम्ही कुणाचं नाव न घेता सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "आमच्या सरांनी असंच वाचलं म्हणून मी ईर्षेने शिकलो. मी तुमचं वाईट व्हावं म्हणून वाचतो का?" मी म्हणाले, "नाही सर. पण ज्यांना ईर्षा आली ते आज शिक्षक झाले. ज्यांना नाही आली ते कुठे गेले, ते आपल्याला दिसत नाहीत." कुठून सुचलं कोण जाणे. डोळ्यासमोर चुलीपाशी बसलेली मैत्रीण होती.

सरांनी विचारलं, "मग चांगले मार्क पडलेल्याचं कौतुक कधी करू?" प्रश्न खरा होता, आणि आमच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं की पेपर दुमडून, बाकावर पालथा ठेवायचा आणि कौतुक ज्याच्या त्याच्या पेपरवरच लिहायचं. दुसऱ्या घटक चाचणीला सर बाकाबाकावरून फिरले. वर्गात फक्त कागदांचा आवाज होता. आठवीला मात्र ते जूनपर्यंत जुन्याच पद्धतीने वाटत राहिले. सगळं एकदम बदललं असं मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. उशिरा येणाऱ्या मुलांचा प्रश्न हेडसरांनी एसटीच्या वेळापत्रकाची झेरॉक्स वर्गशिक्षकांना देऊन सोडवला, पण तुकड्या मोडायला त्यांना पुढचं वर्ष लागलं. तेही फक्त नव्याने आलेल्या पाचवीसाठी. आम्ही दहावीपर्यंत अ, ब, कच राहिलो.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी नववीच्या चिठ्ठ्यांमध्ये एक अशी निघाली की ती वाचून माझ्यासोबतची मुलगी खुर्चीवरून उठलीच. त्यात जगण्याबद्दल लिहिलं होतं. ते शब्द मी इथे देणार नाही. आम्ही लगेच अक्षर जुळवायला लागलो, वह्या काढूया म्हणायला लागलो. बाईंनी चिठ्ठी आमच्या हातातून घेतली. "आता हे तुमचं काम नाही. तुम्ही घरी जा, आणि जाताना दोघी एकत्र जा." इतकं ठामपणे त्या कधी बोलल्या नव्हत्या.

त्यांनी काय केलं ते मला नंतर कळलं. त्यांनी तिथूनच १४४१६ ला फोन लावला. टेलि-मानस ही केंद्र सरकारची हेल्पलाइन, चारच महिन्यांपूर्वी, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. चोवीस तास असते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. बाईंनी विचारलं की मूल कोण हे ठाऊक नाही, मी काय करू? त्यांना सांगण्यात आलं की शोधाशोध करून कुणाला उघडं पाडू नका, सगळ्यांना कळेल अशा रीतीने दार उघडं ठेवा. सोमवारी बाई नववीच्या तिन्ही वर्गांत गेल्या. म्हणाल्या, "मी या आठवड्यात रोज मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत एकटी बसणार आहे. कुणाला काही सांगायचं असेल, नुसतं बसायचं असेल, तरी या. जे माझ्याच्याने होणार नाही त्यासाठी मी मदत आणीन, पण तुम्हाला विचारून." फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी १४४१६ लिहिलं, खाली १०९८, म्हणजे मुलांसाठीची हेल्पलाइन, आणि पुसायचं नाही म्हणून भोवती चौकट काढली.

बुधवारी कुणीतरी आलं. कोण, ते आम्हाला सांगितलं गेलं नाही. घरच्यांशी बोलणं झालं, साताऱ्याला डॉक्टरांकडे जाणं झालं, एवढंच कानावर आलं. आज तीन वर्षं झाली, ते मूल मुलगा की मुलगी हेही मला माहीत नाही. आमच्यासोबत दहावी पास झालेल्यांत ते आहे, हे बाईंनी निकालाच्या दिवशी सांगितलं. मला तेवढं पुष्कळ आहे.

तेव्हापासून वहीत तीन रकाने झाले. शाळेने करायचं, आपण करायचं, आणि बाईंनी तातडीने बघायचं. तिसऱ्या रकान्यातलं आम्ही परत कधी विचारायचं नाही. विद्यार्थ्यांनी पुढाकार घ्यावा असं सगळे म्हणतात, आणि मीही म्हणते. पण काही ओझी मुलांच्या खांद्यावर येऊच द्यायची नसतात. हे त्या शनिवारी बाईंनी दाखवलं नसतं तर आम्ही चांगुलपणाच्या भरात आणखी एका मुलाला उघडं पाडलं असतं.

अकरावीला मी तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्र घेतलं. तिथे आमच्या प्राध्यापिकांनी बिहारच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. गोव्यातल्या संगत या संस्थेने नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत केलेला, २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलेला. नाव सेहर, म्हणजे पहाट. काही शाळांत त्यांनी बाहेरून आणलेला, साधं प्रशिक्षण दिलेला माणूस नेमला, सेहर मित्र. काही शाळांत तेच काम शाळेतल्याच शिक्षकाला दिलं. काम काय, तर भित्तिपत्रक, मुलांचे गट, दर महिन्याला एक विषय, एकट्याशी बोलायची सोय, आणि चिठ्ठ्यांची पेटी! मी वर्गात सरळ उभी राहिले. आम्हाला यातलं काहीही माहीत नव्हतं आणि नालंदाची मुलं आमच्याही आधी पेटीत चिठ्ठ्या टाकत होती.

निकाल मात्र मला बरेच दिवस टोचत राहिला. जिथे बाहेरचा मित्र होता, तिथे मुलांना शाळा जास्त आपली वाटायला लागली, दादागिरी कमी झाली, खिन्नता कमी झाली. जिथे तेच काम शिक्षकांनी केलं, तिथे काही फरक पडला नाही. आमच्या बाई तर शिक्षिकाच होत्या. मग आमच्याकडे जे झालं ते काय होतं? मी खूप विचार केला. मला वाटतं, शिक्षकाकडे शिकवायचंही असतं, पेपर तपासायचे असतात, निवडणुकीची कामं असतात. आणि ज्याच्या हातात आपले मार्क आहेत त्याच्यापाशी मन मोकळं करणं सोपं नसतं. आमच्या बाईंनी जमवलं ते स्वतःच्या मधल्या सुट्ट्या आणि शनिवारच्या दुपारी देऊन. प्रत्येक शाळेने अशा बाईंची वाट बघत बसायचं का?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याच निकालपत्रात २०२२ चा आकडा आहे, देशात एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या. त्यांतल्या २,२४८ परीक्षेतल्या अपयशामुळे. २०२२ हे आमचं कर्कटकाचं वर्ष. हे आकडे वाचताना मला वीसपैकी अडीच ऐकू येतं. आमच्या शाळेत चारशेच्या वर मुलं आहेत आणि समुपदेशक अजून एकही नाही.

माझी मैत्रीण परत शाळेत आली नाही. पण तिने बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि मागच्या वर्षी दहावी दिली. गणिताला मी तिच्याकडे जायचे, ऋण संख्यांपासून सुरुवात केली. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिचं कर्कटक तिला परत दिलं. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "गंजलं नाही?" मी तेल लावून ठेवलं होतं.

यंदा माझी बारावी झाली. गेल्या महिन्यात आताच्या नववीतल्या दोन मुलींनी मला गाठलं. बाईंची बदली झाली आहे, जूनपासून त्या दुसऱ्या शाळेत. पेटीची किल्ली कुणाकडे द्यायची यावर शाळेत बोलणं चाललंय. हेडसरांच्या मनात गणिताचे सर आहेत, आणि सर तयारही आहेत. पूर्वीचे सर ते आता राहिलेले नाहीत, हे मीही मान्य करते. पण मुलींचं म्हणणं वेगळं. त्यांनी वर्गावर्गात कोऱ्या पुरवण्यांवर मतं घेतलीत, डाव्या हाताने, चार घड्या घालून. बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच नाव निघालं, शिपाईमामांचं.

"का?" मी विचारलं.

"मामा मार्क देत नाहीत ना, ताई," त्यातली धाकटी म्हणाली.

हेडसर विचारतायत की तिसऱ्या रकान्यातली चिठ्ठी आली तर मामा काय करणार. प्रश्न बरोबर आहे, तो सोडवायलाच हवा. मामांनी किल्ली सांभाळायची, वाचायला विज्ञानाच्या नव्या मॅडम बसायच्या आणि तातडीचं असलं तर त्यांनी त्याच मिनिटाला फोन लावायचा, असं मुलींनी कागदावर मांडलंय. मामा अजून हो म्हणालेले नाहीत. त्यांना वाचायला चष्मा लागतो, पण ती अडचण नाही, अडचण संकोचाची आहे. या शनिवारी साडेअकराला सकाळची शाळा सुटली की मी त्यांना भेटायला जाणार आहे.